भरलेली गाडी, तंबू आणि कोल्हापुरातला एक दिवस

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आठ दिवसांची तंबूची ट्रिप, स्वतःची गाडी, कॅरिअरवर सामान, नवरा-बायको, अकरा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि सोबत सासूबाई. पन्हाळ्याच्या पायथ्याला तंबूत दोन रात्री, मग राधानगरी-दाजीपूरवरनं फोंडा घाट उतरून कोकण. मधला एक दिवस कोल्हापूर शहराला ठेवलाय आणि त्या दिवसाची यादी अशी: अंबाबाई, जोतिबा, न्यू पॅलेस, रंकाळा, कणेरी मठ, खिद्रापूर, चपला, मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा. हे सगळं एका दिवसात कसं बसवायचं, भरलेली गाडी कुठं लावायची, आणि रात्री परत तंबूत जायचं का, असं त्या विचारतात.

ताई, मी इथलाच, आणि गेली सोळा वर्षं कुटुंबांना घेऊन तंबूच्या सहली करतोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, कारण या एका दिवसावर पुढचे चार दिवस कसे जाणार ते ठरतंय. शहराचा दिवस म्हणजे साइटसीइंगचा दिवस असं सगळे धरतात आणि तिथंच चुकतंय. दोन रात्री जमिनीवर झोपलेली माणसं असतात, कपडे ओले-मळके, मोबाईल उतरलेले, पोरांची झोप अर्धवट, आणि अशा माणसांना तुम्ही सकाळी सात ते रात्री दहा नऊ ठिकाणं फिरवलीत तर तिसऱ्या ठिकाणी धाकटी रडणार, पाचव्या ठिकाणी सासूबाई गाडीतच बसते म्हणणार. शहराच्या दिवशी अंग धुवायचं, कपडे धुवायचे, चांगलं जेवायचं, दुपारी पंख्याखाली झोपायचं, आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात शहर बघायचं. कोल्हापूर याला एकदम सोयीचं आहे कारण बघण्यासारखं बरंचसं अंबाबाईच्या देवळाभोवती चालत जाण्याच्या अंतरात आहे.

म्हणून आधी यादीतनं काढून टाकायचं ते सांगतो. खिद्रापूर काढा. कोपेश्वराचं मंदिर मला फार प्रिय आहे, स्वर्गमंडपात खाली उभं राहून वरच्या गोल मोकळ्या जागेतनं आभाळ बघायला मी जमेल तेव्हा जातो, पण ते पार शिरोळ तालुक्याच्या टोकाला कृष्णेच्या काठावर, शहरापासून साठेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस गेलाच. ते नरसोबाच्या वाडीला जोडून कधीतरी वेगळं करा. जोतिबा शहराच्या दिवसात धरूच नका, तो तुमच्या पन्हाळ्याच्या मुक्कामाच्या शेजारीच आहे, केर्लीवरनं वर रस्ता जातो, पन्हाळ्याच्या दोन दिवसांतली एक सकाळ त्याला द्या, फक्त रविवार नको, रविवार जोतिबाचा वार असल्यामुळं गर्दी असते आणि गुलालात पोरं नखशिखांत गुलाबी होतात (पोरांना आवडतं, पण तंबूत आंघोळीची सोय नसताना तो गुलाल स्लीपिंग बॅगला जन्मभर राहतो). कणेरी मठाचं ग्रामजीवन म्युझियम लहान पोरांसाठी फार छान आहे, बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, नांगरणी, सुतारकाम, सगळं माणसाएवढ्या पुतळ्यांत दाखवलंय, पण त्याला तीन तास लागतात आणि ते दक्षिणेला हायवेच्या बाजूला पडतंय, तुमच्या राधानगरीच्या वाटेवर नाही. पुढच्या खेपेला ठेवा.

उरलं काय? अंबाबाई, भवानी मंडप, खासबागचं कुस्ती मैदान, चप्पल लाईन, दुपारचं जेवण, रंकाळा, आणि जमलं तर न्यू पॅलेस. एवढं पुरे आहे, खरंच पुरे आहे.

आता गाडी. सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात म्हणून नीट वाचा. जुनं कोल्हापूर म्हणजे पेठा, आणि पेठेतल्या गल्ल्या आत शिरलं की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी थांबायला लागतंय अशा. महाद्वार रोडला तर गाडी नेण्याचा विचारच करू नका. तुमच्या गाडीच्या टपावर कॅरिअर, त्यावर तंबूच्या बॅगा, वर ताडपत्री, म्हणजे उंची चांगलीच वाढलेली असणार. मी एकदा असाच टपावर बॉक्स लावून एका इमारतीच्या तळमजल्यातल्या पार्किंगमध्ये शिरलो, वरचा आडवा पाइप बॉक्सला लागला, पुढं जाता येईना, मागं चार गाड्या, आणि घरची पाचही माणसं खाली उतरून हातवारे करतायत. बॉक्सचं झाकण फुटलं आणि पुढचे तीन दिवस पावसाची चार थेंबं पडली की मी उठून ताडपत्री बांधत होतो. तेव्हापासनं मी गाडीची सामानासकट उंची मोजून एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगच्या वर चिकटवतो. तुम्ही पण घरून निघताना टेप घेऊन मोजा.

माझा सल्ला असा की त्या एका रात्रीसाठी शहरात लॉज घ्या. तंबूच्या ट्रिपमध्ये लॉज म्हणजे पराभव असं काही लोकांना वाटतं, पण सासूबाई आणि पाच वर्षांची पोर सोबत असताना रात्री रंकाळ्यावरनं भेळ खाऊन, पेंगुळलेल्या पोरांना घेऊन वीस किलोमीटर परत पन्हाळ्याकडं जायचं, तिथं बॅटरीच्या उजेडात तंबू उघडायचा, यात कुणालाच मजा नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी तुम्हाला राधानगरीकडं जायचंय, पन्हाळा त्याच्या उलट्या बाजूला. लॉज देवळाच्या गल्लीतला घेऊ नका, स्टेशन रोड, शाहूपुरी, ताराबाई पार्क किंवा राजारामपुरी या भागात घ्या, स्वतःचं उघडं आवार असलेला, आणि फोनवर तीन गोष्टी विचारा: टपावर सामान असलेली गाडी आवारात उभी राहील का, सकाळी आठ-साडेआठला रूम मिळेल का (अर्धा दिवस जास्त पैसे द्यायला लागले तरी द्या), आणि गच्चीवर तंबू वाळत घालू देतील का. तिसरा प्रश्न ऐकून समोरचा जरा गोंधळतो पण समजावून सांगितलं की बहुतेक जण हो म्हणतात.

तंबू वाळवणं हे फालतू वाटेल पण थंडीत पन्हाळ्याच्या बाजूला इतकं दव पडतंय की सकाळी तंबूचं वरचं कापड पिळून काढावं इतकं ओलं असतं. तुम्ही ते तसंच गुंडाळून बॅगेत भरलंत, बॅग दोन दिवस गाडीच्या टपावर उन्हात तापली, की आत बुरशी धरते आणि मग तो वास कशानंच जात नाही, त्याच्या आतलं कोटिंग पण सुटायला लागतं. म्हणून गाडी लावल्या लावल्या पहिलं काम, तंबू गच्चीवर पसरा, दगड ठेवा कोपऱ्यांवर, स्लीपिंग बॅगा उलट्या करून दोरीवर टाका. दुपारी जेवून येईपर्यंत सगळं कडकडीत. दुसरं काम, छोट्या शेगडीचे गॅसचे डबे गाडीतनं बाहेर काढून सावलीत ठेवा. बंद गाडी उन्हात किती तापते ते आपल्याला माहितीये आणि त्या डब्यांवरच लिहिलेलं असतंय की पन्नास डिग्रीच्या वर नेऊ नका. तिसरं, सगळ्या पॉवर बँका आणि बॅटऱ्या चार्जिंगला. मग आंघोळी. आणि मग गाडीची किल्ली बॅगेत टाका ती दुसऱ्या दिवशी सकाळी काढायला. दिवसभर रिक्षा.

लॉज नकोच असेल, थेट देवळाकडंच गाडी न्यायची असेल तर दसरा चौकातल्या मैदानावर किंवा बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये लावा, दोन्ही उघड्यावर आहेत त्यामुळं उंचीचा प्रश्न येत नाही, आणि तिथनं देऊळ चालत. पन्हाळ्याकडनं येताना शिवाजी पूल ओलांडला की सीपीआर या सरकारी दवाखान्यावरनं दसरा चौकात येता. टपावरच्या सामानाला मात्र नुसती ताडपत्री नको, कुलपाची साखळी हवीच.

सकाळ. मिसळ आधी की दर्शन आधी हा वाद आमच्या घरात पण होतो. सासूबाई सोबत आहेत आणि दुपारी मटण खायचंय, तर क्रम असाच ठेवा: दर्शन, मग मिसळ, मग दुपारी मटण. मटण खाऊन देवळात जायचं म्हटलं की आजी लोकांची चलबिचल होते, आणि ती चलबिचल दिवसभर टिकते. मंगळवार, शुक्रवार टाळता आला तर टाळा, शुक्रवार देवीचा वार, रांग लांबच लांब. नवरात्रात तर कुटुंबासोबत तंबू-बिंबू घेऊन येऊच नका, ते दिवस वेगळे आहेत. सासूबाईंना रांगेत उभं राहवत नसेल तर मुखदर्शन घ्या, समोरनं लांबून दर्शन होतं आणि रांग फार नसते. कुठलीही माऊली लांबून हात जोडलेले बघत नाही असं नाही.

देऊळ बघताना पोरांना घाई करू नका. बहुतेक लोक दर्शन झालं की चप्पल शोधायला पळतात आणि खरं देऊळ बघायचं राहूनच जातं. बाहेरच्या भिंतीला एक पूर्ण फेरी मारा, हळू. काळ्या दगडाच्या भिंतीवर नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या बायकांच्या मूर्ती आहेत, मुलीला सांगा किती जणींच्या हातात वाद्य आहे ते मोज, ती वीस मिनिटं गुंतते. मुलाला विचारा, देवीचं तोंड कुठल्या दिशेला आहे? पश्चिमेला. आणि त्यामुळंच मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट आत गाभाऱ्यापर्यंत येतात, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी संपून फेब्रुवारी लागतो तेव्हा, असे वर्षातनं दोनदा ती किरणं मूर्तीपर्यंत पोचतात, एक दिवस पायांवर, एक दिवस छातीवर, एक दिवस मुखावर, त्याला किरणोत्सव म्हणतात. तेव्हा आकाश मोकळं असलं पाहिजे, धुकं-धूळ नको, मधे कुठली इमारत नको, आणि म्हणून अख्खं गाव त्या तीन दिवसांत संध्याकाळी आभाळाकडं बघत असतंय. अकरा वर्षांच्या पोराला हे समजतं, आणि ज्यानं दोन दिवस तंबूत राहून सूर्य कुठनं उगवतो कुठं मावळतो ते बघितलंय त्याला तर पटकन समजतं. होकायंत्र असेल तर देवळात घेऊन जावा.

मिसळ. तुम्ही नाशिकच्या, म्हणजे मिसळीतलं तुम्हाला मी काय सांगणार, पण फरक सांगतो म्हणजे अपेक्षा बरोबर राहील. तुमच्याकडं दही, पापड, लादी पाव. आमच्याकडं मोडाची मटकी, बटाट्याची भाजी, चिवडा-शेव, वर कांदा-कोथिंबीर, कट म्हणजे तिखट रस्सा वेगळा, आणि सोबत स्लाइस ब्रेड. हा ब्रेड बघून बाहेरचे लोक नाराज होतात, पण तो कट शोषून घेतो, दोन घास खाल्ले की कळतं. फडतरे उद्यमनगरात, चोरगे महाद्वार रोडला, खासबागची मैदानाजवळ, बावड्याची कसबा बावड्यात, प्रत्येक पेठेचा माणूस आपलीच चांगली म्हणणार. तुम्ही देवळातनं पायी निघालाय तर चोरगे किंवा खासबाग, त्यासाठी रिक्षा करून लांब जायची गरज नाही. आणि सकाळीच खा, मिसळ इथं सकाळचं खाणं आहे, दुपारी उशिरा गेलात तर भांडी घासत असतात. धाकटीसाठी मटकी-बटाटा वेगळा मागा आणि कट फक्त दाखवायला.

तिथनं भवानी मंडप, देवळाला लागूनच. जुना राजवाडा तो. आत तुळजाभवानीचं मंदिर आहे, अर्धा तास पुरे. मग खासबाग.

खासबागेसाठी मी आग्रह धरतो. बाहेरचे लोक हे मैदान बघत नाहीत कारण तिकीट नाही, गाईड नाही, वरवर बघितलं तर एक मोठा गोल खड्डा. पण राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते, रोमचं ते जुनं गोल रंगभवन बघून आले, आणि त्यांच्या डोक्यात आलं की आपल्या पैलवानांना असं मैदान पाहिजे. १९१२ साली हे उभं राहिलं. हजारो माणसं बसली तरी मधल्या हौद्यातली कुस्ती शेवटच्या माणसाला पण दिसते, कारण बसायची जागा उतरती आणि आखाडा मधोमध. पोरांना वरच्या पायरीवर नेऊन बसवा आणि वडिलांना खाली मधे उभं करा, मग तिथनं बोलायला सांगा. मी प्रत्येक पोराला हा खेळ करायला लावतो. कुस्ती चालू नसली तरी तालमीतल्या मातीबद्दल सांगा, तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मळतात, अंगाला जखम झाली तर चिघळू नये म्हणून. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावं अजून पण इथं आदरानं घेतात. तालमीत जायचं असेल तर वस्तादांना विचारून, चप्पल बाहेर काढून, फोटो न काढता.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे, ते पण शाहू महाराजांच्याच काळातलं, पूर्वीचं नाव पॅलेस थिएटर. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं. त्या रात्री तिथं उभं राहून रडणारी म्हातारी माणसं मी बघितलीत, त्यामुळं तिथनं जाताना मी नेहमी दोन मिनिटं थांबतो.

आणि शाहू महाराजांचा विषय निघालाच आहे तर मुलाला एक धागा हातात देऊन ठेवा, कारण तुमची ट्रिप नकळत त्याच धाग्यावर चाललीय. दसरा चौकात त्यांचा पुतळा, त्याच्या आसपास वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी काढलेली बोर्डिंगं. बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे, ते ९ डिसेंबर १९५० ला बसवलेत, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. १९०२ मध्येच महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागास समाजांना पन्नास टक्के जागा राखल्या होत्या. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ज्या राधानगरी धरणाच्या बाजूनं जाणार, ते धरण पण त्यांनीच बांधायला घेतलं, त्यांच्या हयातीत ते पुरं झालं नाही, स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये झालं, पण गावाला नाव त्यांच्या मुलीचं, राधाबाईंचं. त्याचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. ते धरण भोगावती नदीवर, भोगावती पुढं पंचगंगेला मिळते, आणि पंचगंगा तुम्ही सकाळी शिवाजी पुलावरनं ओलांडलेली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच मिळून पंचगंगा, पोराला वहीत काढायला लावा. शहर आणि जंगल वेगळं नाही, एकाच पाण्यावर आहे, हे त्याला नकाशा न दाखवता कळतं.

दुपारी बाराच्या आत उन्हातनं बाहेर या. जेवण. तांबडा-पांढरा कुठं खावा याच्यावर मी नाव घेणार नाही, कारण चांगली ठिकाणं बरीच आहेत आणि रिक्षावाल्याला "तुम्ही घरच्यांना घेऊन कुठं जाता" असं विचारलंत तर तो बरोबर नेतो. मटण ताट मागवा, त्यात सुकं, तांबडा, पांढरा, खिमा, भाकरी किंवा चपाती, भात. पांढरा रस्सा आधी वाटीनं प्यायचा, मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ-काजू असं वाटण, तो तिखट नसतो, तो सौम्य असतो. पोरांना तोच द्या भातावर, आणि अळणी मागा, म्हणजे नुसत्या हळद-मिठाचं मटणाचं पाणी, कुठल्याही खानावळीत लहान पोरासाठी म्हणून मागितलं तर मिळतंय. दोन दिवस तंबूत मॅगी आणि खिचडी खाल्लेल्या पोराला गरम अळणी भात म्हणजे औषध आहे. सासूबाई शाकाहारी असतील तर अख्खा मसूर-रोटी, ती पण आमच्याच भागातली, आणि ती मटणापेक्षा कमी नाही.

मग झोप. एक ते चार. इथं कुणी न्यू पॅलेस घुसवतं आणि संध्याकाळ घालवून बसतं. मार्च ते मे मध्ये तर दुपारी बाहेर पडूच नका. झोपायचं नसेल त्यानं गच्चीवरचा तंबू काढून घडी घालावी, कपडे बादलीत टाकावेत.

चार वाजता दोन गट करा, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. एक गट मुलाला घेऊन न्यू पॅलेसला जाईल, दुसरा सासूबाई आणि धाकटीला घेऊन बाजारात. न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ मध्ये बांधलेला, मेजर चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज आर्किटेक्टनं, काळ्या दगडात, मधे घड्याळाचा मनोरा. आत म्युझियम आहे, शस्त्रं, शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी, आणि दरबार हॉलमध्ये रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग. पेंढा भरलेले वाघ पाच वर्षांच्या पोरीला रात्री स्वप्नात येतात, हे मी अनुभवानं सांगतोय, म्हणून तिला नेऊ नका. मुलाला इतिहासाची जास्त आवड असेल तर त्याऐवजी टाऊन हॉलचं म्युझियम बघा, लहान आहे, पण ब्रह्मपुरी टेकडीच्या खोदकामात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत, त्यात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, एक छोटी ब्राँझची मूर्ती. पंचगंगेच्या काठच्या गावात समुद्राचा देव कसा आला, या प्रश्नावर आमच्या गाडीत एकदा दाजीपूरपर्यंत चर्चा चालली होती. सोमवारी हे म्युझियम बंद असतं.

बाजारवाल्या गटासाठी: चप्पल लाईन. चांगली कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची असते, नवी असताना कडक लागते, चालताना करकर वाजते, आणि तेल लावून चार-आठ दिवस थोडी थोडी घातली की पायाचा आकार घेते. २०१९ मध्ये तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. पण ताई, घेतल्या घेतल्या पायात घालून कोकणात जाऊ नका! समुद्राचं पाणी, ओली वाळू, सकाळचं दव हे तीन तिचे शत्रू आहेत. कागदात गुंडाळून कपड्यांच्या बॅगेत तळाला, घरी गेल्यावरच बाहेर. पोरांना अर्धा नंबर मोठी घ्या. सासूबाईंना कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला दागिना, बघायचा असेल तर गुजरी ही सराफांची गल्ली देवळाच्या जवळच आहे, घ्यायचा नसला तरी बघायला कुणी नाही म्हणत नाही.

याच वेळात पुढच्या तंबूची खरेदी करून टाका, कारण राधानगरीच्या पुढं दुकानं तुरळक. कपिलतीर्थ मंडईत भाजी, लिंबं, कोथिंबीर. गूळ घ्या, कोल्हापुरी गुळाला पण जीआय आहे, आणि थंडीत सकाळी तंबूबाहेर काळ्या चहात गुळाचा खडा यासारखं काही नाही. गुऱ्हाळाचा सीझन असेल, म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत, तर राधानगरीच्या रस्त्याला उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळाचा धूर दिसेल, विचारून थांबा, गरम काकवी बाटलीत भरून देतात. कांदा-लसूण चटणी पाव किलो घेतलीत की कोकणात कुठल्याही रश्श्याला कोल्हापूर येतं.

सहाच्या सुमारास सगळे रंकाळ्यावर भेटा. रंकाळा ही पूर्वीची दगडाची खाण, तिचा तलाव झाला. पश्चिमेला शालिनी पॅलेस, पाण्यात संध्यामठ, आणि सूर्य त्याच्यामागं जातो. पूर्ण फेरी सासूबाईंना झेपणार नाही, चौपाटीच्या बाजूला बाकावर बसू दे, पोरांना भेळ, कणीस. खासबागची राजाभाऊंची भेळ खायची राहिली असेल तर ती इथं पार्सल घेऊन या.

परतीच्या वाटेवर गंगावेशीतला दूध कट्टा. सकाळ-संध्याकाळ तिथं म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात, पैलवानांच्या गावची पद्धत. शहरातल्या पोरांनी हे बघितलंच पाहिजे. पण तुमची मुलं कच्च्या दुधाला सवकलेली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरायचाय, तर बाटली घेऊन जावा, लॉजवर उकळून घ्या आणि मग द्या. मोठ्यांनी पण पहिल्यांदा उकळूनच प्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात येणार असाल तर माझं वरचं सगळं गणित बदलतं. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका पातळी, राजाराम बंधाऱ्याचा आकडा रोज बातम्यांत असतो. २०१९ आणि २०२१ ला तर हायवेच बंद झाला होता. त्या दिवसांत नदीकाठी, ओढ्याकाठी तंबू अजिबात नको, कितीही सुंदर जागा असली तरी. आणि दाजीपूरच्या अभयारण्यात कुठल्याच ऋतूत आपला आपला तंबू ठोकायचा नाही, तिथं वनखात्याच्या परवानगीनंच मुक्काम, गव्यांचं जंगल आहे ते. पन्हाळ्याच्या किल्ल्यावर पण तेच, तो २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तंबू पायथ्याच्या खाजगी जागेतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना डिझेल आणि टायरची हवा शहरातच बघून घ्या, वीस लिटरचा पाण्याचा जार भरून घ्या, आणि शक्यतो सातला निघा म्हणजे फोंडा घाट दुपारच्या आत उतरता येईल. तंबू वाळलाय ना ते बॅगेत भरायच्या आधी हात फिरवून बघा, शिवणीपाशी ओल राहते.

तुमच्या ट्रिपची तारीख कळवा ताई, किरणोत्सवाच्या आसपास असेल तर मी तुम्हाला संध्याकाळचा क्रम बदलून देतो, मग रंकाळा सकाळी आणि देऊळ मावळतीला करायचं.